चाळीस पानांची उजळणी

ठरल्याप्रमाणे ताई बुधवारी यायची होती. ती रविवारी दुपारी बारालाच दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली, तेव्हा मास्तरांच्या ओठांत तीन टाचण्या होत्या. लेकीला नुसतं 'ये' म्हणायलाही त्यांना जमलं नाही. त्यांनी मान हलवली, तिनेही हलवली, आणि दोन महिन्यांनंतरची बापलेकीची भेट एवढ्यावर उरकली.

"पुस्तिका कुठे आहे?" ताईने विचारलं.

"आधी आत तर ये," मास्तर टाचण्या काढून म्हणाले. "पाणी पी. पुस्तिका कुठे पळून जात नाही."

"पुस्तिका नाही पळत, बाबा. या घरात अभ्यास म्हटलं की माणसं पळतात."

हा टोला शिलाई मशीनवर बसलेल्या धाकट्या भावासाठी होता. त्याने तो ओळखला आणि मशीन उगाच जोरात चालवायला घेतलं. मशीन चालू असलं की बहिणीचं काही ऐकू येत नाही, हा शोध त्याला सोळाव्या वर्षी लागला होता आणि त्याच्या जोरावर त्याने आजवर बऱ्याच अडचणी निभावून नेल्या होत्या.

गणवेशांचा हंगाम ऐन भरात होता. शाळा उघडायला सोळा दिवस राहिले होते. कापायच्या टेबलावर निळ्या कापडाचे आठ थर, त्यांच्यावर मास्तरांच्या खडूच्या रेघा, आणि दाराशी उजेडात काज-बटणं करत बसलेली आजी. टेबलाखाली चिंध्यांच्या गठ्ठ्यावर नऊ वर्षांची बॉबिन पालथी पडली होती. धाकट्याच्या या लेकीचं शाळेत काय नाव होतं ते असो. ती गोल होती आणि सतत गरगर फिरायची, म्हणून दुकानात तिचं नाव बॉबिन पडलं आणि मग घरातही तेच चिकटलं.

"बॉबिन, बाहेर ये," ताई खाली न वाकताच म्हणाली. "पाय दिसतायत तुझे."

पाय आत ओढले गेले. मग थोड्या वेळाने सबंध बॉबिन बाहेर आली, केसांत धागे घेऊन, आणि तिने पुस्तिका आत्याच्या हातात दिली. मास्तरांनी तेवढ्यात खडू उचलून आधीच आखलेली एक रेघ पुन्हा आखली.

निकालाच्या दिवशी शाळेने बॉबिनच्या प्रगतिपुस्तकावर लिहून दिलं होतं, 'मोजमाप या घटकात कच्ची. सुट्टीत उजळणी करून घ्यावी.' सोबत ही चाळीस पानांची पुस्तिका होती. पानाला पाच गणितं आणि खाली पालकांच्या सहीसाठी एक रेघ. त्या दिवशी ताई इथेच होती. जेवताना सगळ्यांच्या देखत तिने पुस्तिकेच्या शेवटची उत्तरांची पानं फाडली, घडी करून पर्समध्ये टाकली आणि अट घातली. ती तपासायला येईल तोपर्यंत चाळीस पानं पुरी आणि बरोबर झाली पाहिजेत. नाही झाली तर चौथीपासून बॉबिन तिच्याकडे राहून शिकेल. दोन तासांचा तर बसचा रस्ता. तिकडे शाळा चांगली आहे, घर मोठं आहे, आणि अभ्यास घ्यायला घरातच मुख्याध्यापिका आहे.

धाकटा म्हणाला होता, "हो, बघू." आयुष्यातल्या सगळ्या प्रश्नांना तो हेच उत्तर देई. सूनबाईंचा घास हातातच राहिला होता. पण नणंदेने मांडलेल्या गोष्टीत खोट अशी काहीच नव्हती, मग नाही कशाला म्हणायचं?

रोज एक पान मी घेतो, असं धाकट्याने लेकीला वचन दिलं. तीन पानं घेतलीही. चौथ्या दिवशी गणवेशांचे गठ्ठे आले आणि वचन गठ्ठ्यांखाली गेलं. सूनबाई औषधांच्या दुकानात सकाळी नऊला जायच्या त्या रात्री आठला परत. आजीला चाळिशी लागत होती आणि पुस्तिका समोर आली की ती नेमकी सापडत नसे. अशा रीतीने उजळणी आपसूक मास्तरांकडे आली. तुम्हाला जमेल का, असं त्यांना कुणी विचारलं नाही. का विचारावं? पन्नास वर्षं टेप गळ्यात घालून वावरलेला माणूस. त्याला तिसरीचं गणित जमणार नाही तर कुणाला?

मास्तर दुसरीत असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना शाळेतून उचलून मशीनवर बसवलं होतं. हे फक्त आजीला ठाऊक होतं. बाकी घर त्यांना सातवी पास समजत होतं. तसं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. कुणीतरी एकदा म्हणालं आणि त्यांनी खोडलं नाही, एवढंच.

आता ताई टेबलाच्या रिकाम्या टोकाशी उभी राहून लाल पेनाने पानं तपासत होती आणि मास्तर बॉबिनकडे बघत होते. बॉबिन गेली तर दुकान चालू राहणार होतं, मशीन चालू राहणार होतं, पण मापांच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखवणारी, टेबलावर चढून बसणारी आणि दर पाच मिनिटांनी 'आजोबा, एक विचारू?' म्हणणारी पोर नसणार होती. तिच्यावाचून राहायची त्यांची तयारी नव्हती. मुळीच नव्हती.

"बेरीज बरोबर," ताई म्हणाली. "हातच्यासकट."

मशीन थांबलं.

"पहिली तीन पानं मी घेतलीत," धाकटा म्हणाला.

"वजाबाकी बरोबर. पाढे बरोबर. अक्षर वाईट."

"अक्षर माझ्यावर गेलंय. पण पाया पक्का झाला ना? सुरुवात महत्त्वाची असते, ताई."

"हो ना. तीन पानांचा पाया आणि त्यावर सदतीस पानांची इमारत. कुणी बांधली?"

"आजोबांनी," बॉबिन म्हणाली.

ताईने वर पाहिलं. मास्तर अतिशय काळजीपूर्वक कापड झटकत होते. सतराव्या पानापर्यंत लाल पेनाला काही काम मिळालं नाही. आजीने सुईत दोरा ओवता ओवता नवऱ्याकडे एक नजर टाकली, त्यात थोडं नवल होतं. मास्तरांच्या छातीवरचा टेप जरा वर आला.

अठराव्या पानावर मोजमाप सुरू होत होतं.

"हे काय?" ताई म्हणाली आणि तिने एक गोल केला. मग दुसरा. मग पान उलटलं आणि तिसरा, चौथा, पाचवा. पुढची काही मिनिटं नुसता पेनाचा आवाज येत राहिला. धाकट्याला मशीन पुन्हा चालू करावंसं वाटलं, पण दोरा संपला होता.

"शेवटची बारा बरोबर. पण अठरा ते अठ्ठावीस. अकरा पानं," ताई म्हणाली. "एकही गणित बरोबर नाही. एक."

"असं कसं होईल?" आजी म्हणाली. "वाच बघू."

"एका उशीच्या अभ्र्याला पंचेचाळीस सेंटिमीटर कापड लागते. असे सहा अभ्रे शिवायला किती कापड लागेल?"

धाकट्याने बोटांवर काहीतरी केलं. आजीने छताकडे पाहिलं. दोघं जवळजवळ एकदमच म्हणाली, "दोनशे चौऱ्याण्णव."

"मी तेच लिहिलंय," बॉबिन म्हणाली.

"तेच लिहिलंयस. आणि उत्तर आहे दोनशे सत्तर." ताईने पर्समधून घडी केलेली पानं काढून टेबलावर ठेवली.

"मग छापताना चुकलं असेल," आजी म्हणाली. "दोनशे सत्तरात सहा अभ्रे? उसवतील पहिल्या धुण्यात."

"शाळेचं पुस्तक आहे आई, ते."

"असू दे. पुस्तक लिहिणाऱ्याने उशी शिवली नसेल कधी."

ताईने पुढचं गणित वाचलं. एक मीटर फितीचे पाच सारखे तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा किती लांब? बॉबिनने लिहिलं होतं, अठरा सेंटिमीटर. धाकट्याने मान डोलावली. दोन्ही टोकं एकेक सेंटिमीटर दुमडायची, नाहीतर फित सुटते. त्यापुढे बागेला तारेचं कुंपण होतं. लांबी बारा मीटर, रुंदी आठ. उत्तर होतं चाळीस मीटर चार सेंटिमीटर.

"चार सेंटिमीटर कशाचे?" ताईने विचारलं.

"तार जिथे जुळते तिथे एकावर एक यायला नको का?" बॉबिन म्हणाली. "नाहीतर तिथून कुत्रा येईल, आत्या."

"आणि हे? घर ते शाळा साडेसातशे मीटर, शाळा ते वाचनालय चारशे. उत्तर, अकराशे पन्नास मीटर आणि वळणाला थोडं."

यावर मात्र धाकट्यानेही मान डोलावली नाही.

इतक्यात सूनबाई आल्या. रविवारी त्यांचं दुकान दुपारी एकला बंद होई. नणंदेच्या चपला दारात पाहून त्यांचा चेहरा आधीच उतरला होता. तरी सवयीने हसून त्यांनी विचारलं, "ताई, बुधवारी येणार होतात ना?"

"बुधवारी आले असते तर बुधवारपर्यंत सगळी सावध झाली असती," ताई म्हणाली. "ये. तूच सांग. पंचेचाळीसचे सहा अभ्रे."

"दोनशे सत्तर," सूनबाई पिशवी खाली ठेवताना म्हणाल्या.

आजीने हातातलं बटण खाली ठेवलं.

"आणि माया?" आजीने विचारलं. शिवणीसाठी जे जास्तीचं कापड दोन्ही अंगांना सोडतात, त्याला या धंद्यात माया म्हणतात, आणि ती धरल्यावाचून या घरात आजवर कुणी काही मोजलं नव्हतं. "अभ्र्याला दोन इकडे, दोन तिकडे. चार झाले. एकोणपन्नास सक दोनशे चौऱ्याण्णव."

"पण गणितात कुठे लिहिलंय तसं?" सूनबाई म्हणाल्या. "लिहिलेलं नाही ते आपण मनाने घालायचं नाही, आई. माझ्याकडे चिठ्ठीवर पाच मिली लिहिलेलं असतं, मी पाचच देते. त्यावर दोन इकडे, दोन तिकडे दिले तर पेशंट उठायचा तो आडवा होईल."

"अगं, पण तू आहेस कुणाच्या बाजूने?" आजी म्हणाली.

तेव्हा कुठे सूनबाईंचं लक्ष लेकीकडे आणि त्या लाल गोलांकडे गेलं. बरोबर उत्तर देऊन आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं. त्यांनी खाली ठेवलेली पिशवी उगाच पुन्हा उचलली.

"म्हणजे सगळं घरच मोजमापात कच्चं आहे," ताई म्हणाली. आवाजात चेष्टा होती, पण ती फार वेळ टिकली नाही. तिने पेनाचं टोपण लावलं. "मला कुणाला नावं ठेवायची नाहीत. पण शाळेने सांगून, दोन महिने मिळून, अकरा पानं चुकतात, याला काय म्हणायचं? पोरगी हुशार आहे. तिला नीट शिकवणारं कुणी हवं. चारच्या बसने निघू. बॉबिन, कपडे भर."

"ताई, जरा थांबशील का," धाकटा म्हणाला. 'बघू' एवढंही त्याला सुचलं नाही.

"थांबून काय करू? कोण शिकवणार आहे तिला? तू? प्रत्येक पानाखाली बाबांची सही आहे. बाबा, तुम्ही सह्या करताना काही बघितलं नाहीत?"

सही मास्तरांची झोकदार होती. पहिल्या अक्षराला वळसा, शेवटी खाली ओढलेली रेघ. ती त्यांनी गिऱ्हाइकांच्या पावत्यांवर करून करून घोटली होती. लिहिण्यातलं तेवढंच त्यांना न अडखळता येत असे. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी बॉबिन बोलली.

"आजोबांना मी काही विचारलंच नाही. मी माझी माझीच सोडवली. त्यांनी फक्त सह्या केल्या."

एवढं बोलून ती कपडे भरायला आत पळाली. तिच्या मागोमाग सूनबाई गेल्या. ताईने बापाकडे पाहिलं, बापाने मडक्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायचं निमित्त करून ते मागच्या खोलीत सटकले.

मास्तरांनी भांडं भरलं आणि तसंच हातात धरून ते उभे राहिले. नऊ वर्षांची पोर त्यांच्यासाठी धडधडीत खोटं बोलली होती. आणि त्यांनी बोलू दिलं होतं. माया धर, असं त्यांनीच तर सांगितलं होतं तिला. ती गणित वाचायची, ते टेप पसरायचे आणि म्हणायचे, कापड पुस्तकातलं असलं म्हणून काय झालं, कापड ते कापड. पहिल्यांदा ती म्हणालीही होती, आजोबा, इथे शिवणीचं काही लिहिलेलं नाही. त्यावर ते हसले होते. लिहायला कशाला हवं, ते तर कळतंच.

"प्या ते पाणी," मागून आजी म्हणाली. "का नुसतंच मोजताय?"

"ती पोरीला घेऊन जाणार."

"ऐकलं मी. बहिरी नाही झाले अजून." आजी खाली बसली. "तुम्हाला एक सांगू? रागावू नका. मला वाटतं जाऊ द्यावं."

मास्तर चाट पडले. घरात कोण कुठल्या बाजूला आहे याचा त्यांनी मनात हिशेब धरला होता, त्यात बायको त्यांच्या शेजारी होती.

"तीन वर्षं झाली जावईबापूंना जाऊन," आजी म्हणाली. "शाळेतून घरी येते आणि कुलूप काढते. मी मागे आठ दिवस राहिले ना तिच्याकडे, तेव्हा बघितलं. बोलायला कुणी नाही म्हणून बातम्या लावून ठेवते आणि त्यांच्याशी भांडते. मागची खोली रिकामी करून घेतलीय तिने. टेबल आणलंय, लहान मुलाच्या उंचीचं. खिडकीला पडदे लावलेत. हे निकाल लागायच्या आधीचं सांगतेय मी तुम्हाला."

"आधीचं?"

"आधीचं. गणित नसतं तर तिने भूगोल काढला असता."

मास्तर पाणी प्यायले. मग त्यांनी भांडं पालथं घातलं. लेक एकटी आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण तिने कधी सांगितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही. बापलेकीत तशी रीतच नव्हती. लहानपणी ती वही घेऊन टेबलाशी यायची, बाबा हे गणित बघा ना, आणि ते म्हणायचे, हात अडकलेत, उद्या बाईंना विचार. हात तर रोजच अडकलेले असायचे. पुढे पुढे ती यायचीच बंद झाली आणि मागच्या खोलीत एकटीने अभ्यास करून पहिली यायला लागली. त्यांना तिचा इतका अभिमान वाटायचा की गिऱ्हाइकाला माप घेता घेता तिचे मार्क सांगायचे. तिला मात्र कधी सांगितलं नाही.

"पोर जाणार नाही," ते म्हणाले आणि उठले. "आणि ताईलाही असं परत पाठवायचं नाही."

"दोन्ही कसं जमणार?"

"ते अजून कापलेलं नाही मी. आखतोय."

दुकानात ताई बाकावर बसली होती आणि धाकटा तिच्यासमोर उभा राहून न बोलण्याचं काम करत होता. बॉबिन पिशवी घेऊन आली होती. पिशवीत कपड्यांपेक्षा चिंध्याच जास्त दिसत होत्या. सूनबाईंचे डोळे लाल होते.

मास्तर टेबलापलीकडे जाऊन उभे राहिले. गिऱ्हाइकाशी बोलताना ते तिथेच उभे राहत.

"ताई, ती पोर खोटं बोलली," ते म्हणाले. "ती अकरा पानं मी शिकवली. तिला बरोबर येत होतं, मी चुकवलं. मला गणित वाचता येत नाही. म्हणजे वाचतो, पण अक्षर अक्षर लावत. दुसरीत शाळा सुटली माझी. सातवी झालो असं तुम्ही समजत होता, मी समजू दिलं."

धाकट्याने वडिलांकडे असं पाहिलं की जणू दुकानात भलताच कुणी उभा आहे. ताईने टेबलावरची पुस्तिका सरळ केली.

"मग माझी प्रगतिपुस्तकं?" तिने विचारलं. "त्यांवर सह्या करायचात."

"करायचो. आकडे वाचायचो. आकडे येतात मला. पुढे बाई काय लिहायच्या ते नाही कळायचं."

"आणि मी गणित घेऊन यायचे तेव्हा?"

"तेव्हा हात अडकलेले नसायचे," मास्तर म्हणाले. "लाज वाटायची."

ताईने चष्मा काढला. शाळेतल्या चारशे पोरांना जिच्या नजरेची भीती वाटे, तिचे डोळे चष्म्याशिवाय अगदी साधे दिसत होते.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "मुलीच्या अभ्यासात तुम्हाला काही रस नाही. इतकी वर्षं मी तेच धरून बसले होते, बाबा. पहिली आले की यांना दाखवीन, मास्तरीण झाले की दाखवीन. मुख्याध्यापिका झाले तेव्हा पहिला विचार मनात हाच आला होता."

"तू पहिली यायचीस ते कळत होतं मला," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाइकांना विचार हवं तर."

ताई पदराने चष्म्याच्या काचा पुसू लागली. ही संधी साधून बॉबिन म्हणाली, "मग मी पिशवी रिकामी करू का?"

"थांब," ताईने चष्मा पुन्हा लावला आणि तिचा आवाज जागेवर आला. "इकडे ये. पुस्तकातल्या कापडाला माया नसते. कळलं?"

"मग शिवायचं कसं?"

"शिवायचं नाहीच. नुसतं मोजायचं. जेवढं लिहिलंय तेवढंच धरायचं."

"नुसतं मोजायचं?" बॉबिनने आत्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "मग ते तर सोपं आहे."

साचे कापायचा खाकी कागद पसरून ताईने दहा गणितं लिहिली. बॉबिन टेबलावर मांडी घालून बसली. कुणी मदत करायची नाही, असं ताईने बजावल्यामुळे आख्खं घर दुसरीकडे तोंड करून उभं राहिलं आणि तिरक्या नजरेने कागदाकडे बघत राहिलं. सव्वादोन मीटर दोरीतून पंच्याऐंशी सेंटिमीटर कापली. एकशे चाळीस उरली. लिहून मोकळी. दुसरं, तिसरं, चौथं. गेले दोन महिने तिने गणवेशांची मापं तोंडी बेरजा करून आजोबांना सांगितली होती. त्यापुढे ही दहा गणितं म्हणजे किस झाड की पत्ती.

दहाव्याला ती थबकली, वाचलं, पुन्हा वाचलं आणि तिचं तोंड कानापर्यंत फाकलं. ताईने लिहिलं होतं, अभ्र्याचे कापड पंचेचाळीस सेंटिमीटर. शिवणीसाठी दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर जास्त ठेवायचे आहे. तर सहा अभ्र्यांना किती?

"दोनशे चौऱ्याण्णव," बॉबिन मोठ्याने म्हणाली.

"छापणाऱ्याला अक्कल आली म्हणायची," आजी म्हणाली.

ताईने कागद तपासला. दहाही बरोबर होती. तिने खाली तारीख घातली, शेरा लिहिला, पेन पर्समध्ये ठेवलं आणि पर्सची चेन ओढली. "पक्की आहे," ती म्हणाली. "मला न्यायचं काही कारण नाही. ठरलं ते ठरलं."

सूनबाईंनी लेकीला टेबलावरून उचलूनच घेतलं. धाकटा हसला. सगळं ठीकठाक झालं होतं आणि ताई बाकावरून उठून, साडीवर नसलेल्या सुरकुत्या हाताने सारख्या करत होती. तिला पाठमोरं होऊन कुलूप लावलेल्या घराकडे निघायचं होतं आणि ते तिला कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. मास्तरांना ते दिसलं. आपण जिंकलो याचा आनंद त्यांना झाला नाही.

"चारची बस म्हणालीस ना?" त्यांनी विचारलं.

"हो. निघते आता. वेळेत पोचेन."

"मग मी कपडे भरतो."

ताईला कळलं नाही. कुणालाच कळलं नाही.

"अट काय होती?" मास्तर म्हणाले. "मोजमापात जो कच्चा राहील, त्याने तुझ्याकडे राहून शिकायचं. पोर पक्की निघाली. कच्चा मी राहिलो."

"बाबा, गणवेशांचे सहा गठ्ठे बाकी आहेत," धाकटा घाईघाईने म्हणाला. पन्नास वर्षांत या दिवसांत मास्तर एक दुपारही दुकानाबाहेर राहिले नव्हते. लेकीच्या लग्नाची तारीखसुद्धा हंगाम संपल्यावरची धरली होती.

"आखून ठेवलेत. काप. आठापेक्षा जास्त थर एकदम घेऊ नकोस. मापं बॉबिन वाचेल, तिचं ऐक." त्यांनी गळ्यातला टेप काढून धाकट्याच्या हातात दिला. कातर मात्र नेहमीच्या जागी टांगली, ती द्यायला त्यांचा हात झाला नाही.

"चेष्टा करताय माझी," ताई म्हणाली.

"चेष्टा नाही गं. टेबल लहान मुलाच्या उंचीचं आहे म्हणे. बसेन मी जमिनीवर."

ताईने आईकडे पाहिलं. आजी अगदी मन लावून बटण टाकत होती.

"मी पोरांना ओरडते, बाबा."

"ओरड."

"चुकलं की दहा दहा वेळा लिहायला लावते."

"लाव."

ताई पायरीपर्यंत गेली, परत आली. तिने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. आठ वर्षांची असताना वही घेऊन टेबलाशी यायची तेव्हा ती अशीच एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायची.

"किती दिवस राहाल?" तिने विचारलं.

"तिसरीचं सगळं येईपर्यंत. माझं डोकं मंद आहे, ताई. वेळ लागेल."

"लागू दे," ताई म्हणाली.